तिशीत भरायचा पन्नाशीचा हप्ता

वय ३०, तंबाखू नाही, १ कोटीचा टर्म विमा (ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा), साठीपर्यंत. विमा कंपनीच्या संकेतस्थळावर एवढं भरलं की काही सेकंदांत हप्त्याचा आकडा येतो. रक्त तपासलेलं नाही, डॉक्टरांनी नाडी पाहिलेली नाही, तरी आकडा तयार. तो येतो कुठून? आणि वयाबरोबर धोका वाढत जातो हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असताना हप्ता तीस वर्षं तोच कसा राहतो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मृत्युदराच्या कोष्टकात आहे. विमा उतरवलेल्या भारतीयांच्या २०१२ ते २०१४ मधल्या अनुभवावर बेतलेलं कोष्टक घेऊ. त्यानुसार तिसाव्या वर्षी हजार माणसांमागे वर्षभरात साधारण १ जण दगावतो. चाळिसाव्या वर्षी हे प्रमाण १.७, पन्नासाव्या वर्षी ४.४ आणि साठाव्या वर्षी ११ च्या आसपास जातं. चाळिशीनंतर दर सात-आठ वर्षांनी दुप्पट, असा हा चढ आहे. मृत्युदर वयाबरोबर असा गुणाकाराने वाढतो, हे बेंजामिन गॉम्पर्ट्झ या इंग्रज गणितज्ञाने १८२५ मध्येच दाखवलं होतं.

हजारातला तो एक कोण, हे कंपनीला माहीत नसतं आणि माहीत असण्याची गरजही नसते. तिला गरज असते गर्दीची. तिशीतले फक्त १००० ग्राहक असतील तर वर्षात एकही मृत्यू न होण्याची शक्यता ३७ टक्के आणि तीन किंवा अधिक होण्याची ८ टक्के. म्हणजे निव्वळ जुगार. ग्राहक १ लाख झाले की अपेक्षित मृत्यू ९८, आणि प्रत्यक्ष आकडा बहुतेक वेळा ७८ ते ११८ च्या दरम्यानच राहतो. अर्थात हे मृत्यू एकमेकांशी संबंध नसलेले असतील तरच. कोविडच्या साथीने नेमकी हीच अट मोडली. त्यानंतर पुनर्विमा कंपन्यांनी, म्हणजे विमा कंपन्यांचा विमा उतरवणाऱ्यांनी, भारतासाठीचे दर वाढवले आणि टर्म विमा महागला.

अशी कोष्टकं करण्याची खटपट जुनी आहे. ब्रेस्लाऊ (आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ) इथले धर्मोपदेशक कास्पार नॉयमान यांनी शहरातल्या जन्ममृत्यूंच्या नोंदी जमवल्या होत्या. त्या एडमंड हॅली यांच्या हाती आल्या. धूमकेतूवाले हॅली ते हेच. १६९३ मध्ये त्यांनी त्यावरून वयवार कोष्टक मांडलं. इंग्लंडचं सरकार तेव्हा तहहयात वर्षासन (एकदा पैसे भरायचे, मग मरेपर्यंत दरवर्षी ठरलेली रक्कम घ्यायची) विकत होतं आणि वय काहीही असो, किंमत एकच लावत होतं. दहा वर्षांच्या पोराला आणि साठीच्या म्हाताऱ्याला एकच भाव लावण्यात सरकारचा तोटा आहे, हे हॅलींच्या हिशेबाने उघड केलं. सरकारने ते लगेच मनावर घेतलं नाही, ही वेगळी गोष्ट.

दुसरा प्रश्न सुटला तो लंडनच्या जेम्स डॉडसन या गणिताच्या शिक्षकामुळे. तिथे १७०६ पासून अमिकेबल सोसायटी नावाची विमा संस्था होती. तिचा कारभार आपल्या भिशीसारखा होता: सगळ्यांची वर्गणी सारखी, आणि वर्षाखेरीस जमलेले पैसे त्या वर्षी मेलेल्यांच्या वारसांत वाटायचे. मृत्यू जास्त झाले की वाटा कमी. वय जास्त म्हणून या संस्थेने डॉडसनना प्रवेश नाकारला. मग त्यांनी असा विमा गणिताने बसवून दाखवला, ज्यात मिळणारी रक्कम आधी ठरलेली असेल आणि हप्ता वयाप्रमाणे, पण आयुष्यभर एकच असेल. डॉडसन १७५७ मध्ये वारले. त्यांच्या तत्त्वावर उभी राहिलेली इक्विटेबल सोसायटी १७६२ मध्ये सुरू झाली.

डॉडसनची युक्ती वरच्याच कोष्टकावर चालवून पाहू. १ कोटीच्या विम्यासाठी निव्वळ धोक्याचा खर्च तिसाव्या वर्षी सुमारे ९,८०० रुपये येतो, चाळिसाव्या वर्षी १६,८००, पन्नासाव्या वर्षी ४४,०००, आणि साठी गाठता गाठता लाखाच्या वर. दरवर्षी त्या त्या वर्षाचाच खर्च घेतला तर काय होईल? पन्नाशीला हप्ता डोईजड होईल. धडधाकट माणसं विमा सोडून देतील, आजारी तेवढी चिकटून राहतील. मग मृत्यूंचं प्रमाण वाढेल, हप्ता आणखी चढेल, आणखी निरोगी लोक जातील. ही घसरण थांबवायची तर उत्तरार्धातला खर्च पूर्वार्धात थोडा थोडा उचलायचा. ६ टक्के व्याज धरून हिशेब केला तर तीस वर्षांचा समान हप्ता साधारण २३,००० रुपये निघतो. सुरुवातीच्या वर्षांत तुम्ही धोक्याच्या दुपटीहून जास्त भरता. ते जादाचे पैसे व्याजासह साठतात आणि पुढे तुमच्या गटातल्या पन्नाशी ओलांडलेल्यांच्या दाव्यांना पुरतात. ‘तरुणपणीच विमा घ्या, स्वस्त पडतो’ असं एजंट सांगतो तेव्हा तो अर्धंच सांगतो. स्वस्त पडतो हे खरं, पण वर्षंही जास्त भरावी लागतात.

आता चोखंदळ वाचक म्हणेल, बाजारात तर याहून बरेच कमी भाव दिसतात. बरोबर आहे, आणि मला या विषयात सगळ्यात गमतीचा वाटणारा भाग हाच. कोष्टकात विमा घेतलेले सगळेच आले: तंबाखू खाणारे, जुजबी तपासणीवर बचतीची पॉलिसी घेतलेले, सगळे. तपासणीतून निवडून घेतलेला निरोगी, तंबाखू न घेणारा गट या सरासरीपेक्षा पुष्कळ कमी मरतो. शिवाय बरेच लोक मध्येच हप्ते बंद करतात. साध्या टर्म विम्यात सोडून जाणाऱ्याला सहसा काही परत मिळत नाही, त्याने आगाऊ भरलेला भाग गटात राहतो. कंपनी भाव ठरवताना हेही धरते. उलट बाजूला कमिशन, कार्यालयाचा खर्च, नफा आणि कायद्याने बाजूला ठेवायचं भांडवल हप्त्यात मिळवलं जातं. वैयक्तिक जीवन विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला. त्याआधी टर्मच्या हप्त्यावर १८ टक्के लागत होता.

कोष्टक कुणाच्या मृत्यूंवरून केलंय आणि कुणाला कोणत्या गटात बसवलंय, यावर सगळं अवलंबून असतं. १८१८ मध्ये कलकत्त्यात ओरिएंटल कंपनी निघाली ती युरोपीयांसाठी. पुढे विदेशी कंपन्यांनी भारतीयांना घ्यायला सुरुवात केली तरी त्यांना कमअस्सल जीव ठरवून जादा हप्ता लावला. १८७० च्या बॉम्बे म्युच्युअलने भारतीयांना नेहमीच्या दराने विमा दिला. आजही गटवारीचे वाद संपलेले नाहीत. आपल्याकडे बाईचं वय हिशेबात साधारण तीन वर्षं कमी धरतात, कारण बायका जास्त जगतात. युरोपीय संघात मात्र डिसेंबर २०१२ पासून नव्या विम्यात स्त्री-पुरुषांसाठी वेगळा दर लावता येत नाही.

तंबाखूची गटवारी सगळ्यात कडक. ‘मी सिगारेट ओढत नाही’ एवढं उत्तर पुरत नाही. गुटखा, मावा, रोज सकाळी दाताला लावायची मिश्री, हे सगळं त्याच रकान्यात मोडतं. शरीरात निकोटिनचं कोटिनिन होतं आणि ते लघवीच्या तपासणीत सापडतं. तंबाखू कोणत्या वाटेने आत गेली, याच्याशी त्या तपासणीला देणंघेणं नाही.

मुदत संपेपर्यंत जगलात तर ‘हप्ते परत’ देणाऱ्या योजनेला फुकटचा विमा समजणाऱ्यांनी एक हिशेब करून बघावा. ६ टक्क्यांनी तीस वर्षांनंतरच्या १ लाखाची आजची किंमत १७,४०० रुपये आहे. तेवढे पैसे, आणि वर कंपनीचा खर्च, जादा हप्त्यातून आधीच घेतलेले असतात.

तर संकेतस्थळावरचा आकडा म्हणजे ‘तुम्ही सांगितलं ते खरं असेल तर’ मिळणारा भाव. तपासणीत साखर, रक्तदाब किंवा वजन जास्त निघालं, आईवडिलांना तरुणपणी हृदयविकार असल्याचं कळलं, तर कंपनी वाढीव हप्त्याचा प्रस्ताव पाठवते आणि तो नाकारायची मुभा तुम्हाला असते. स्वस्त भावासाठी आजार लपवणं मात्र घरच्यांच्या जिवावरचा सौदा आहे. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिल्या तीन वर्षांत महत्त्वाची माहिती लपवल्याचं सिद्ध झालं तर कंपनी पॉलिसी रद्द ठरवू शकते. तीन वर्षं उलटली की कोणत्याही कारणावरून तिला आव्हान देता येत नाही.