एलईडी ब्लिंक कोण करतंय? लिनक्स कर्नलमधल्या एका प्रश्नाची पार्श्वभूमी

लिनक्स चालणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डवर एलईडी ब्लिंकच होत नाही, नाहीतर बंद केला तरी होतच राहतो, ही तक्रार कायम येते आणि बहुतेक जण आधी वायर आणि रेझिस्टर तपासत बसतात. ते तपासावंच, पण माझं म्हणणं आहे की पहिला प्रश्न वेगळा हवा: या घडीला हा एलईडी चालवतंय कोण? तुमची स्क्रिप्ट, एखादा ट्रिगर (एलईडीला जोडलेलं पेटण्याचं कारण), कर्नलचा म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा टायमर, की थेट हार्डवेअर? एका साध्या दिव्याला इतके मालक एकदम नाही आले, एकेक करत आलेत, आणि आजचे बरेचसे घोळ त्या येण्याच्या क्रमातच सापडतात.

आधी कर्नलच्या दृष्टीने एलईडी ही वेगळी वस्तूच नव्हती. पीसीवर कॅप्स, नम आणि स्क्रोल लॉकचे तीन दिवे, ते कीबोर्डच्या कोडकडे. एआरएम प्रोसेसरच्या बोर्डांवर त्या त्या बोर्डाच्या कोडमध्येच सगळं लिहिलेलं, एक एलईडी टायमर इंटरप्टवर (टायमर सीपीयूला ठरावीक वेळाने देतो त्या हाकेवर) ब्लिंक होणार आणि दुसरा सीपीयू कामात आहे की रिकामा ते दाखवणार. त्याचा उपयोग मोठा होता, कारण स्क्रीन नसलेल्या बोर्डवर टायमरचा एलईडी थांबला की समजायचं इंटरप्ट येत नाहीयेत, कर्नल अडकलाय. पण तोच एलईडी डिस्कसाठी वापरायचा म्हटलं तर कोड बदलून कर्नल परत बिल्ड करा, दुसरा रस्ताच नाही.

हे बदललं 2006 मध्ये, कर्नल 2.6.17 ला. जॉन लेन्झ यांनी सुरुवातीचं काम केलेलं, ते रिचर्ड पर्डी यांनी पुढे नेलं आणि मेनलाइनमध्ये, म्हणजे अधिकृत मुख्य कर्नलमध्ये, आणलं. पर्डी तेव्हा शार्पच्या झॉरस हँडहेल्डवर लिनक्स चालवण्याच्या कामात होते, म्हणून पहिल्या ड्रायव्हरांमध्ये झॉरसचे एलईडी दिसतात आणि पहिल्या ट्रिगरांमध्ये टायमर आणि आयडीई डिस्कसोबत चक्क झॉरसच्या चार्जिंगचाही ट्रिगर आहे. खरी कल्पना एकच होती पण फार चांगली: एलईडी वेगळा, त्याला पेटवणारं कारण वेगळं. सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल हार्डवेअरला फाइलींच्या रूपात दाखवतो तिथे, प्रत्येक एलईडीचं एक फोल्डर, त्यात ब्राइटनेस नावाची फाइल आणि ट्रिगर नावाची फाइल, ट्रिगरमध्ये नाव लिहिलं की कारण बदललं, रीबिल्ड नाही की रीबूट नाही.

त्याच काळात फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमने वेगळी वाट धरली होती हेही सांगायला हवं. तिथे पॉल-हेनिंग काम्प यांचा एलईडी ड्रायव्हर 5.2 मध्ये आला, त्यात एलईडीच्या डिव्हाइस फाइलमध्ये सरळ पॅटर्नची स्ट्रिंग लिहायची, सेकंदाच्या दहाव्या भागाच्या हिशोबात चालू-बंद, अगदी मोर्स कोडसुद्धा. लिनक्समध्ये पॅटर्न ट्रिगर यायला 2018 च्या आसपासचा काळ उजाडला.

आता घोळांकडे. ब्राइटनेस आणि ट्रिगर या दोन फाइली एकाच दिव्यावर हक्क सांगतात, त्यामुळे नियम असा ठरला की ब्राइटनेसमध्ये शून्य लिहिलं तर ट्रिगरच निघून जातो, पण शून्य सोडून दुसरं काही लिहिलं तर ब्लिंक चालूच राहतं, फक्त पेटल्यावरचा उजेड बदलतो. म्हणून "मी 1 लिहिलं तरी तो ब्लिंकच होतोय" हा बग नसतो. आणि टायमर ट्रिगर लावल्यावर दिसणाऱ्या डिले-ऑन, डिले-ऑफ या फाइली त्या ट्रिगरच्याच असतात, ट्रिगर गेला की त्याही गायब, मग स्क्रिप्टला फाइल सापडत नाही आणि माणूस ड्रायव्हरला दोष देतो. हार्टबीट ट्रिगरचं तर आणखीच, त्याचा वेग लोड अॅव्हरेजवर, म्हणजे मशीनवरच्या कामाच्या सरासरीवर, चालतो, लोड शून्य असताना एक फेरी 1260 मिलिसेकंदांची, लोड 5 ला 510 ची, म्हणजे एलईडी जोरात धडधडायला लागला तर टायमर बिघडलेला नाही, मशीनवर काम वाढलंय.

दुसरा थर ब्लिंकचा स्वतःचा. काही चिपना स्वतःहून ब्लिंक करता येतं, सीपीयूला उठवायची गरज नाही, म्हणून ड्रायव्हरला ब्लिंक-सेट नावाचं फंक्शन देता येतं. ते नसेल किंवा मागितलेली वेळ चिपला जमत नसेल तर सॉफ्टवेअर टायमर. हा फॉलबॅक, म्हणजे पर्यायी सोय, आधी टायमर ट्रिगरमध्येच होता, 2010 च्या आसपास तो एलईडीच्या कोअर म्हणजे सगळ्यांच्या सामाईक कोडमध्ये नेला गेला, जेणेकरून बाकीच्या ट्रिगरांनाही ब्लिंक मिळावं. योग्यच केलं, पण तेव्हापासून बाहेरून बघून कळत नाही की ब्लिंक चिप करतेय की कर्नल. सॉफ्टवेअर असेल तर जिफीच्या, म्हणजे कर्नलच्या घड्याळाच्या एका टिकच्या, खाली अचूकता नाही, म्हणजे एचझेड (सेकंदाला किती टिक) 250 असेल तर 4 मिलिसेकंद, आणि 1 मिलिसेकंदाचा डिले मागणाऱ्याला तो मिळणार नाही.

सगळ्यात चिवट बग मात्र स्लीपचे, म्हणजे कोडने मध्येच वाट बघत थांबण्याचे. ट्रिगर आणि टायमर इंटरप्टसारख्या जागेतून एलईडीला हाक मारतात, तिथे थांबायची परवानगी नाही, आणि आयटूसी किंवा एसपीआय या हळू चालणाऱ्या जोडण्यांवर बसलेली एलईडी चिप थांबल्याशिवाय उत्तरच देत नाही. बरीच वर्षं अशा प्रत्येक ड्रायव्हरने स्वतःची वर्कक्यू (काम नंतर थांबता येईल अशा जागी करायची रांग) लिहिली, कोणी बरोबर लिहिली कोणी चुकीची, चुकीची असली की लॉगमध्ये "स्केड्युलिंग व्हाइल अॅटॉमिक", म्हणजे मनाई असताना थांबल्याची तक्रार, दिसायचं. यात्सेक अनाशेव्स्की यांनी 4.5 च्या सुमारास ब्लॉकिंग प्रकारचं (थांबू शकणारं) वेगळं ब्राइटनेस फंक्शन आणलं आणि वर्कक्यू कोअरने सांभाळायला घेतली. जुना ड्रायव्हर नव्या कर्नलवर ओढून आणताना आजही पहिली नजर इथेच टाकावी.

पॅनिकची, म्हणजे सावरता न येणाऱ्या चुकीमुळे कर्नल थांबतो त्या वेळची, गोष्ट वेगळी. पॅनिक झाल्यावर नेहमीचे टायमर चालत नाहीत, त्यामुळे पीसीवर कॅप्स लॉकचं ते ओळखीचं ब्लिंक कर्नल पॅनिकच्या लूपमधूनच करून घेतो. बोर्डांसाठी तसाच पॅनिक ट्रिगर 2016 मध्ये आला.

एलईडींच्या नावांनीही लोकांना बराच त्रास दिलाय. आधी लेबल म्हणून काहीही लिहिलेलं चालायचं, 2019 ला 5.4 मध्ये रंग आणि काम यांची ठरावीक नावं आली, आणि रास्पबेरी पायवरचा लेड0 नव्या कर्नलवर एसीटी झाला. स्क्रिप्ट तीच, दिवाही तोच, फक्त पाथ बदललेला.

नेटवर्कचा ट्रिगर ओपनडब्ल्यूआरटी या राउटरसाठीच्या लिनक्समध्ये वर्षानुवर्षं होता, मेनलाइनमध्ये तो 2018 ला 4.16 सोबत आला. 2023 पासून तो काम थेट नेटवर्कच्या हार्डवेअरवर सोपवू शकतो, आणि तसं झालं की कर्नल ट्रॅफिक मोजतच नाही, त्यामुळे इंटरव्हल, म्हणजे ब्लिंकमधलं अंतर, बदलायला गेलात तर एरर येते. अशा वेळी ऑफलोडेड नावाची फाइल आधी वाचा, त्यात 1 असेल तर ब्लिंकचा वेग कर्नलच्या हातात उरलेलाच नसतो.