उष्णतेच्या लाटेत तापमानवाढीचा वाटा किती, हे कसं काढतात?

मार्च 2022 हा 1901 पासूनच्या नोंदींत भारतातला सर्वात तापलेला मार्च ठरला. ऐन दाणा भरण्याच्या वेळी गव्हाला चटका बसला आणि मे महिन्यात केंद्राने गव्हाची निर्यात थांबवली. हे हवामान बदलामुळेच झालं का? या प्रश्नाला शास्त्रज्ञ सरळ हो किंवा नाही म्हणत नाहीत, कारण लाटा पूर्वीही येतच होत्या. ते दोन गोष्टी मोजतात: अशी लाट येण्याची शक्यता किती पट झाली आणि आलेली लाट किती अंशांनी जास्त तापली.

सुरुवात घटनेच्या व्याख्येपासून होते, आणि निम्मे वाद इथेच असतात. 'वर्ल्ड वेदर ॲट्रिब्युशन' या शास्त्रज्ञांच्या गटाने वायव्य भारत आणि आग्नेय पाकिस्तानचा पट्टा घेऊन मार्च-एप्रिलमधल्या रोजच्या कमाल तापमानाची सरासरी काढली. एकाच गावाचा एका दिवसाचा उच्चांक धरला तर योगायोगाचा भाग फार राहतो. पावसाचं तर आणखी कठीण. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पाऊस पडला, कुलाब्याला 75 च्याही आत. हवामान मॉडेल म्हणजे संगणकावर चालणारी हवामानाची नक्कल; ती पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करते. बऱ्याच जागतिक मॉडेलांचा एकेक चौकोन शंभरेक किलोमीटरचा असतो. त्यात अख्खी मुंबई मावून वर जागा उरते. असा पाऊस त्या मॉडेलला दिसणार कुठून?

पुढे दर वर्षीचे आकडे एका संख्याशास्त्रीय वक्रात, म्हणजे कोणतं तापमान किती वेळा येतं हे दाखवणाऱ्या रेषेत, बसवतात आणि पृथ्वीचं सरासरी तापमान वाढेल तसा तो वक्र सरकू देतात. 2022 सारखी लाट तेव्हाच्या हवामानात साधारण शंभर वर्षांतून एकदा अपेक्षित, असं निघालं. मग वक्र 1.2 अंश थंड असलेल्या, उद्योगपूर्व काळातल्या जगात मागे नेऊन तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. मॉडेलांवरही हेच करतात, पण आधी त्यांची परीक्षा होते: त्या भागातला ऋतूंचा चढउतार ज्याला जमत नाही ते मॉडेल बाद.

उत्तर आलं: शक्यता सुमारे 30 पट, तीव्रता सुमारे 1 अंश. बातम्यांत 30 चा आकडा गाजतो आणि 1 अंश किरकोळ वाटतो, पण दोन्ही एकाच सरकण्याची मापं आहेत. वक्राचं टोक इतकं निमुळतं असतं की तो जरासा सरकला तरी टोकाकडच्या घटना कित्येक पटींनी वाढतात. म्हणूनच 'पट' हा आकडा डळमळीत असतो; नोंदी थोड्या असल्या की त्याची त्रुटीमर्यादा, म्हणजे खरा आकडा जिथे असू शकतो तो पल्ला, भलतीच रुंदावते. आमच्या मते अंशांचा आकडा आधी वाचावा.

प्रत्येक वेळी उत्तर असं ठसठशीत येत नाही. मे 2016 मध्ये राजस्थानात फलोदीला 51 अंशांची नोंद झाली. ती याच पद्धतीने तपासली तेव्हा वर्षातल्या सर्वात उष्ण दिवसाच्या तापमानात ठळक वाढ सापडली नाही. संशोधकांचा रोख दोन कारणांवर होता. हवेतले प्रदूषणाचे कण ऊन अडवतात आणि सिंचनाचं पाणी बाष्प होताना जमिनीजवळची उष्णता खेचून घेतं. मॉडेलांत या दोन्ही गोष्टी नीट उतरत नाहीत. शिवाय सिंचनाने कोरडं तापमान (साध्या तापमापकावर दिसतं ते) उतरलं तरी हवेतला दमटपणा वाढतो आणि घाम वाळत नाही. त्यामुळे पारा न चढताही शेतात राबणाऱ्याच्या अंगाला उष्णतेचा त्रास वाढू शकतो.