मालिकेतल्या नकाराची पार्श्वभूमी

मराठी मालिकेत नायिकेला नकोसा असलेला पुरुष सहा महिन्यांत तिचा नवरा होतो, हे प्रेक्षकांच्या अंगवळणी पडले आहे. वाद होतो तो चालू ट्रॅकपुरता, म्हणजे कथेच्या त्या तुकड्यापुरता. त्याने हात धरला, तिने झिडकारले, पुढच्या प्रोमोत हळद लागली, लोक दोन्ही बाजूंनी बोलले आणि ट्रॅक संपला. हा साचा आला कुठून आणि कायद्याची व वाहिन्यांवर देखरेख करणाऱ्यांची त्याबाबतची भूमिका कशी बदलत गेली, हे या टिपणात मांडले आहे. इंदूरच्या वाचकांसाठी ते लिहिण्याला खास कारण आहे. या विषयातला अलीकडचा सर्वांत वादग्रस्त आदेश उच्च न्यायालयाच्या इथल्याच खंडपीठातून निघाला होता.

जुना काळ थोडक्यात. नांदायला जाण्यास नकार देणाऱ्या एका तरुणीविरुद्ध मुंबईत १८८४ साली दावा दाखल झाला. १८८७ मध्ये न्यायालयाने तिला नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे सांगितले. तिने तुरुंगाची तयारी दाखवली आणि १८८८ मध्ये पैसे देऊन प्रकरण मिटले. १८९१ च्या कायद्याने संमतिवय दहावरून बारा झाले, त्यावर महाराष्ट्रात रण माजले. याच सुमारास, १८९० पासून, पुण्याच्या एका साप्ताहिकातून स्त्रीच्या तोंडून सांगितलेली दीर्घ कथा हप्त्याहप्त्याने येत होती आणि मराठी घरांत पुढच्या अंकाची वाट पाहणे सुरू झाले होते. जरठ-बाला विवाहावरच्या गाजलेल्या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग १८९९ मध्ये इंदुरातच झाला. बडोदे संस्थानाने १९०४ मध्ये बालविवाहाला कायद्याने आळा घातला. या सगळ्या काळात कथेतला नकोसा पुरुष बहुधा वडीलधाऱ्यांनी ठरवलेला नवरा असे. मागे लागणारा प्रियकर हे पात्र अजून यायचे होते.

इंदूरच्या आठवणीतला मोठा प्रसंग १९२५ चा. दरबारातून निघून गेलेली एक नर्तकी परत यायला तयार नव्हती. त्या वर्षी जानेवारीत मुंबईच्या मलबार हिलवर तिच्या मोटारीवर हल्ला झाला, तिला आश्रय देणारा व्यापारी मारला गेला आणि ती जखमी झाली. खटला उच्च न्यायालयात चालला, हल्लेखोरांना शिक्षा झाल्या आणि पुढच्या वर्षी इंदूरच्या महाराजांना गादी सोडावी लागली. या प्रकरणाची हकीकत वर्तमानपत्रांतून रोज नव्या तुकड्याने येई आणि कादंबरीसारखी वाचली जाई. १९२५ मध्येच त्यावर मूकपटही निघाला. आजही इंदुरात ही गोष्ट सांगताना राजा, व्यापारी, खून आणि गादी यांवर सगळा भर असतो. त्या बाईने स्पष्ट शब्दांत परत यायला नकार दिला होता आणि सगळे त्यातून घडले, हे सांगायचे राहून जाते. मला ही चूक किरकोळ वाटत नाही, कारण पुढच्या शंभर वर्षांच्या क्रमशः कथेतही नेमके तेच होत राहिले.

१९२० नंतरच्या मासिकांनी प्रेमकथा घरात आणली. कॉलेज, सहल, अचानक भेट, गैरसमज, पत्र. नायिका शिकलेली असे, बोलत असे आणि तिचा होकार ही आता कथेची गरज होती. सुधारणेच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते. पण क्रमशः छपाईची स्वतःची एक अडचण असते. होकार आला की कथा संपते. संपादकाला पुढचा अंक खपवायचा असतो, लेखकाला आणखी आठ हप्ते भरायचे असतात, म्हणून होकार लांबवावा लागतो आणि लांबवण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे नायिकेचा नकार. इथेच नकाराचे काम बदलले. एका माणसाने दुसऱ्याला दिलेले उत्तर म्हणून तो राहिला नाही. नदी, आजार, श्रीमंत मामा किंवा हरवलेले पत्र यांच्या रांगेत तो कथेतला एक अडथळा झाला. अडथळा पार केला की नायकाचे कौतुक होते. पाचव्या हप्त्यात नाही म्हणणारी मुलगी बाराव्या हप्त्यात हो म्हणणार, हे वाचकाला आधीच ठाऊक असते, त्यामुळे पाचव्या हप्त्यातले तिचे शब्द तो गंभीरपणे घेतच नाही.

दूरदर्शनच्या साप्ताहिक, ठरावीक भागांच्या मालिकांत हा ताण कमी होता. तेरा भागांत कथा बसवायची असेल तर नकार फार ओढता येत नाही. १९९९-२००० च्या सुमारास खासगी मराठी वाहिन्या सुरू झाल्या, केबलवरून त्या इंदूरच्या मराठी वस्त्यांतही पोचल्या आणि थोड्याच वर्षांत रोजची मालिका हाच मुख्य प्रकार झाला. रोज वीस-बावीस मिनिटे, आठवड्याला पाच-सहा भाग, शेवट न ठरलेला आणि दर आठवड्याला येणारा टीआरपी. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. नायक-नायिकेची ‘जोडी’ चालली की ती मोडता येत नाही, मग त्याने काहीही केलेले असो. सुरुवातीला तिला धमकावणारा, तिच्या ऑफिसबाहेर उभा राहणारा, तिच्या घरच्यांवर दबाव आणून लग्न लावून घेणारा पुरुष शंभराव्या भागात हळवा होतो. त्याचे दुःखी बालपण उलगडते. तिने त्याला समजून घ्यायचे असते. त्याने माफी मागितलीच तर ती बहुधा तिच्या सासूसमोर किंवा देवासमोर मागितली जाते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत याचे वजन अधिक आहे. इंदुरात आजच्या मुलांची शाळा हिंदी किंवा इंग्रजीत, मित्रांची भाषा हिंदी आणि मराठी कानावर पडते ती आजीच्या खोलीतून आणि संध्याकाळच्या मालिकेतून. प्रेम, लग्न, रुसवा, नकार यांचे मराठी शब्द अनेक मुलांना तिथूनच मिळतात.

वाहिन्यांवर नियम नव्हते असे नाही. केबल वाहिन्यांचा कायदा १९९५ चा, त्याखालची कार्यक्रम-संहिता त्याच काळातली. स्त्रीचे चित्रण तिला कमी लेखणारे किंवा अश्लील असू नये, असे ती सांगते. तिची नजर स्त्रीचे शरीर पडद्यावर कसे दिसते यावर आहे. पूर्ण साडीतल्या नायिकेचा दोन महिने पाठलाग झाला, तर संहितेला त्यात पकडण्यासारखे फारसे काही सापडत नाही. २०११ मध्ये वाहिन्यांनी मिळून तक्रारी ऐकणारी स्वयंनियामक परिषद नेमली. तिच्याही हातात पाया म्हणून हेच होते.

कायद्यात खरा बदल २०१३ मध्ये झाला. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर दंडसंहितेत पाठलागाचे कलम ३५४-ड आले. स्त्रीने अनिच्छा स्पष्ट दाखवल्यावरही पुन्हा पुन्हा तिच्या मागे जाणे, संपर्क साधणे किंवा तिच्या इंटरनेट-ईमेलच्या वापरावर पाळत ठेवणे, याला पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद. सर्वपक्षीय चर्चेनंतर पहिला गुन्हा जामीनपात्र ठेवण्यात आला. लोकसभेतल्या चर्चेत एका ज्येष्ठ खासदाराने आपल्यापैकी कोण मुलींच्या मागे गेले नाही, अशा अर्थाचा सवाल केला तेव्हा सभागृहात हशा पिकला. पटकथालेखनाच्या दृष्टीने या कलमाचे महत्त्व असे की मराठी-हिंदी मालिकांतले कितीतरी ‘पहिल्या प्रेमाचे’ भाग त्या व्याख्येत जसेच्या तसे बसतात. तरीही पडद्यावर फारसा फरक पडला नाही.

२०१७ हे वर्ष त्या दृष्टीने बोलके आहे. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिमाचल प्रदेशातल्या एका प्रकरणात, कोणत्याही स्त्रीवर प्रेमाची सक्ती करता येत नाही आणि तिला नाकारण्याचा पूर्ण हक्क आहे, असे लिहिले. त्या प्रकरणातली मुलगी सततच्या छळाने जळून मेली होती. त्याच वर्षी जुलैत एक हिंदी मालिका सुरू झाली. त्यात नऊ-दहा वर्षांचा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीच्या मागे लागतो, तिचे फोटो काढतो आणि पुढे दोघांचे लग्न होते. मालिकेविरुद्ध ऑनलाइन अर्ज फिरला, केंद्राच्या माहिती-प्रसारण मंत्रालयाने लक्ष घातले. वाहिन्यांच्या स्वयंनियामक परिषदेने वेळ रात्री उशिराची करायला आणि ही मालिका बालविवाहाला उत्तेजन देत नाही अशी पट्टी चालवायला सांगितले. ऑगस्ट संपता संपता मालिका बंद झाली. अर्जात पाठलागाचा उल्लेख होता, आदेशाचा भर मात्र मुलाच्या वयावर आणि बालविवाहावर राहिला. वर्ष संपायच्या आत तीच कथा मुलगा मोठा झाल्याचे दाखवून नव्या नावाने परत आली. वय वाढले की आक्षेप मिटला, असाच त्याचा अर्थ झाला.

आता इंदूरचा आदेश. उज्जैन जिल्ह्यातल्या एका गावात २०२० च्या एप्रिलमध्ये शेजारी पुरुष घरात शिरला आणि त्याने विनयभंग केला, अशी एका विवाहित स्त्रीची तक्रार होती. आरोपीचा जामीनअर्ज मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे आला. ३० जुलै २०२० रोजी जामीन मिळाला तो अटींसह. राखीपौर्णिमेला, ३ ऑगस्टला सकाळी अकरा वाजता आरोपीने पत्नीसह तक्रारदाराच्या घरी राखी आणि मिठाई घेऊन जायचे, तिला राखी बांधण्याची विनंती करायची, यापुढे तिचे रक्षण करण्याचे वचन द्यायचे, भावाची ओवाळणी म्हणून तिला ११,००० रुपये द्यायचे आणि तिच्या मुलाला कपडे-मिठाईसाठी ५,००० रुपये द्यायचे. याचे फोटो आणि पावती न्यायालयात सादर करायची.

या आदेशाच्या बाजूने बोलणारे होते आणि त्यांचे म्हणणे नोंदवायला हवे. लहान गाव, शेजारशेजारची घरे, खटला वर्षानुवर्षे चालणार. नाते जोडले तर वैर मिटेल, बाईला पुढे त्रास होणार नाही, असे ते सांगत. इंदुरात अनेक सुशिक्षित घरांतही हा सूर ऐकू येत होता. पण अटी पुन्हा वाचल्या की दिसते, राखी बांधायची की नाही हे तिला कोणी विचारले नव्हते. ज्याच्याविरुद्ध ती पोलिसांत गेली तोच माणूस न्यायालयाच्या सांगण्यावरून तिच्या दारात उभा राहणार होता, बायको सोबत, हातात ताट, आणि त्या क्षणाचा फोटो निघणार होता. तिने नाही म्हटले असते तर सण मोडणारी तीच ठरली असती. मालिका पाहणाऱ्या कोणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल. खलनायकाला सुधारायचे असेल तर त्याला नवरा करा, ते शक्य नसेल तर भाऊ करा. दोन्ही वाटांनी बाईची तक्रार नात्यात विरून जाते. आपल्या कथांनी हा शेवट इतक्या वेळा दाखवला आहे की न्यायाच्या खुर्चीवरही तो समजूतदारपणाचा वाटू शकतो. म्हणूनच मालिकेतल्या नकाराकडे करमणूक म्हणून सोडून देणे मला पटत नाही.

नऊ महिला वकिलांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १८ मार्च २०२१ च्या निकालाने ती अट रद्द झाली. राखीची अट विनयभंग करणाऱ्याला न्यायालयाच्या हुकमाने भाऊ बनवते आणि गुन्ह्याचे गांभीर्य घालवते, असे निकालात म्हटले आहे. आरोपी आणि तक्रारदार यांचा संपर्क घडवणारी अट जामिनात घालू नये, तडजोड किंवा लग्न सुचवू नये, स्त्रीचे कपडे, वागणे, पूर्वायुष्य यांवर शेरे मारू नयेत, न्यायाधीशांना आणि वकिलांना या विषयाचे प्रशिक्षण द्यावे, असे निर्देशही आले. लग्न सुचवू नये हा निर्देश मालिकांच्या लेखनकक्षात भिंतीवर लावण्यासारखा आहे.

त्यानंतरच्या काळात दोन गोष्टी समांतर चालल्या आहेत. छापील क्रमशः कथेची जागा मोबाइलवरच्या वाचन-ॲपवरील कथामालिकांनी आणि ऐकण्याच्या मालिकांनी घेतली आहे. मराठीत त्या भरपूर आहेत, लिहिणाऱ्या आणि वाचणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया दिसतात आणि कराराचे लग्न, सूडाचे लग्न, धमकीचे लग्न हे तिथले लाडके विषय आहेत. काही लेखिका मात्र जाणूनबुजून वेगळे लिहितात. नायक विचारतो, थांबतो, नकार मिळाल्यावर खरोखर निघून जातो आणि कथा दोघांच्या वेगळ्या वाटांनी पुढे सरकते. अशा मालिकाही लांब चालतात. म्हणजे लांबण हवी म्हणून नकार तुडवावाच लागतो, हे सांगितले जाते तितके खरे नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, पाठलागाचे कलम आता ७८ आहे, मजकूर जवळपास तोच. अठरा वर्षांवरील पत्नीशी नवऱ्याने केलेली सक्ती बलात्काराच्या व्याख्येबाहेर ठेवणारा अपवाद नव्या संहितेतही कलम ६३ मध्ये कायम आहे. मे २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचे दोन न्यायमूर्ती या अपवादावर एकमेकांशी असहमत झाले आणि प्रश्न सर्वोच्च न्यायालयाकडे गेला. त्यामुळे मालिकेत लग्नाआधीच्या भागांत जो नायक कलम ७८ खाली येऊ शकतो, त्याच्या लग्नानंतरच्या वागण्याला लावायला तितके सरळ कलम लेखकाला किंवा प्रेक्षकाला सापडत नाही, आणि आजच्या बहुतेक ट्रॅकमध्ये मांडव नेमका तिथेच घातलेला असतो.