कुटुंबनियोजन (ग्रामीण महाराष्ट्र)

मुले किती आणि कधी व्हावीत हे जोडप्याने ठरवणे, ही कुटुंबनियोजनाची पुस्तकी व्याख्या. खेड्यात मात्र हा निर्णय एकट्या जोडप्याचा क्वचितच असतो. सासू, सातबाऱ्यावरची वाटणी, हुंडा आणि उसाचा हंगाम या सगळ्यांचा त्यात हात असतो. गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या असलेल्या आशाताईंच्या बोलीत याचे दोन भाग पडतात: पाळणा लांबवणे, म्हणजे मूल पुढे ढकलणे किंवा दोन मुलांत अंतर ठेवणे, आणि पाळणा थांबवणे, म्हणजे आणखी मूल होऊ न देणे. ग्रामीण महाराष्ट्रात पाळणा थांबतो, लांबत मात्र फारसा नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) राज्याचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला सरासरी होणारी मुले, १.७ निघाला. त्याच पाहणीत जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांनी नसबंदी केलेली आढळली. पुरुषांचे प्रमाण एक टक्काही नव्हते. गावात नुसते ‘ऑपरेशन’ म्हटले तरी ते बाईचेच, हे सांगावे लागत नाही. ‘गड्याला मग जड काम होत नाही’ ही समजूत घट्ट आहे. तिला आणीबाणीची जोड मिळाली. १९७६–७७ मध्ये देशभर ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या, त्यांत बहुसंख्य पुरुष होते. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्र विधिमंडळाने १९७६ मध्ये मंजूरही केले होते; राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते लागू झाले नाही. पुढे कार्यक्रमाचे नाव ‘कुटुंबकल्याण’ झाले आणि भार बायकांकडे सरकला. तांबी, गोळ्या, ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन उपकेंद्रात मिळतात. पण पाळी बिघडते, अंगावर जाते, या भीतीने आणि घरच्यांच्या नकाराने ती मागे पडतात.

आर्थिक कारणांचा पीळ सर्वांत स्पष्ट दिसतो तो बीडसारख्या ऊसतोडीच्या पट्ट्यात. मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, उचल (आगाऊ रक्कम) देतो ती ‘कोयत्या’ला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. एकट्या गड्याचा अर्धा कोयता. शिवाय दिवाळीच्या सुमारास आईबाप निघाले की वयात आलेली मुलगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची, हा प्रश्न असतोच. म्हणून लग्न लवकर उरकतात, विशीच्या आसपास दोन बाळंतपणे होतात आणि लगोलग ऑपरेशन. पुढे पाळीच्या किंवा अंगावरून पांढरे जाण्याच्या तक्रारीवर ‘पिशवी’ काढण्याचा सल्ला मिळाला, की मुले झालीच आहेत, आता खाडा पडायला नको, असा हिशेब होतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील पाहणीत गर्भाशय काढलेल्या ऊसतोड महिलांची संख्या १३ हजारांवर निघाली. याला कुटुंबनियोजन म्हणता येणार नाही. पण वाट तिथूनच जाते.

कुटुंब लहान झाले म्हणून मुलाचा हट्ट कमी झाला नाही, उलट धारदार झाला. पाच लेकरांत एखादा मुलगा आपोआप येई. दोनांत तो ‘आणावा’ लागतो. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. तरी २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे राज्यात ८९४ आणि बीडमध्ये ८०७ मुली होत्या. त्याच वर्षी सातारा जिल्हा परिषदेने ‘नकोशी’ नावाच्या २८५ मुलींची नावे समारंभपूर्वक बदलली.

सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाल्यास ग्रामपंचायतीचे सदस्यत्व जाते. नियम दोघांना सारखाच असला तरी तिसरे मूल बहुधा घरच्यांना हवे असते आणि पद गमावायची वेळ बाईवरही येते.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून उलट दिशेने सुरुवात केली: आधी पाणी, पोषण, गावातलीच प्रशिक्षित बाई. जन्मलेले मूल जगेल ही खात्री नसताना कोणी पाळणा थांबवत नाही, हे त्यांच्या कामातून दिसले.

पाळणा लांबवण्यासाठी सरकारी पैसा क्वचितच थेट मिळाला. २००७ मध्ये साताऱ्यात पहिले मूल दोन वर्षे पुढे ढकलणाऱ्या जोडप्यांना ५,००० रुपये देण्याची योजना सुरू झाली. तिला लोक ‘हनिमून पॅकेज’ म्हणत. नवी सून वर्षभरात ‘राहिली’ नाही की बायका ‘काही आहे का?’ विचारू लागतात. त्या घरात जाऊन दोन वर्षे थांबा म्हणायचे काम मात्र नर्सबाईंच्याच वाट्याला आले.