टँकमधलं काहीही समुद्रात सोडू नका
(आमच्या मरीन टँकच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाच्या, ग्राहकांसाठी)

मे महिना आला की दुकानात एक प्रश्न हमखास येतो. "टँक बंद करतोय. शनिवारी अलिबागला चाललोच आहोत, मासे तिथेच सोडले तर चालेल ना?" विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, जीव मोकळा व्हावा एवढंच त्यांना वाटतं. तरी आमचं उत्तर ठाम "नाही" असतं, आणि त्याची कारणं तुम्हाला माहीत असावीत म्हणून हे पत्रक.

तुमच्याकडचा बंगाई कार्डिनल हा इंडोनेशियातल्या बंगाई बेटांभोवतीचा मासा. त्याच देशात, पण तिथून बऱ्याच लांब असलेल्या लेंबेच्या सामुद्रधुनीत व्यापाऱ्यांच्या हातून तो पाण्यात गेला आणि तिथे चांगलाच रुजला. लायनफिश आपल्या हिंदी महासागराचाच, इथे त्याला खाणारे आणि आवरणारे आहेत. अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर तो १९८५ मध्ये पहिल्यांदा दिसला. तो टँकमधून सुटला असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. आज कॅरिबियन समुद्रातल्या प्रवाळांवरची लहान मासळी तो फस्त करतोय.

कौलर्पाबद्दल जरा सविस्तर

रिफ्युजियममध्ये, म्हणजे टँकला जोडलेल्या वेगळ्या कप्प्यात, आपण जे हिरवं शेवाळ वाढवतो, त्यात अनेकांकडे कौलर्पा असतं. पाण्यात साचणारं नायट्रेट शोषून घेतं, भराभर वाढतं, म्हणून दर काही आठवड्यांनी कापावं लागतं. हे कापलेलं कुठे जातं, याची आम्हाला खरी काळजी आहे. कौलर्पाचा पानांसकट सगळा पसारा म्हणजे एकच पेशी. बोटाच्या पेराएवढा तुकडा तुटला तरी तो जखम बुजवतो, मुळासारखे धागे टाकतो आणि नवीन झाड होतो.

१९८४ मध्ये मोनॅकोच्या मत्स्यालयाखाली, समुद्राच्या तळाशी कौलर्पा टॅक्सिफोलियाचा जेमतेम चौरस मीटरभर पट्टा सापडला. मत्स्यालयांत वाढवलेला हा वाण थंडीतही टिकणारा होता. त्यात विषारी द्रव्य असल्यामुळे तिथले मासे त्याला फारसं तोंड लावत नव्हते. बोटींच्या नांगरांना आणि जाळ्यांना तुकडे चिकटत गेले आणि ते फ्रान्स, इटली, स्पेन, क्रोएशियापर्यंत पोचलं. २००० मध्ये तेच शेवाळ कॅलिफोर्नियात एका खाडीत दिसलं. तिथे लोकांनी वेळ न दवडता ताडपत्र्या अंथरून आत क्लोरीन सोडलं. ते पूर्ण गेलं असं जाहीर करायला २००६ उजाडलं आणि खर्च ७० लाख डॉलरच्या वर गेला.

परके सागरी जीव पसरण्याचं मोठं कारण जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांतलं, म्हणजे तोल राखण्यासाठी भरलेलं, पाणी आहे, हे खरं. त्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे. ते काम बंदरांचं आणि जहाजांचं. आपला टँक मात्र आपल्या हातात आहे.

पुण्यात बसून समुद्राची काय काळजी?

गटारात गेलेला सागरी जीव गोड्या पाण्यात सहसा तगत नाही. शिवाय मुळा-मुठेचं पाणी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळतं, तो प्रवास फार लांबचा. धोका आहे तो गाडीच्या डिकीतल्या बादलीचा. ताम्हिणी घाट उतरून काही तासांत तिच्यातले जीव जिवंतच किनाऱ्यावर पोचतात. गोड्या पाण्याचे टँक असलेल्यांनी सकर कॅटफिश खडकवासल्यात किंवा पाषाण तलावात सोडू नये. परकी जलपर्णी नदीचं काय करते, ते आपण पुलावरून बघतोच.

मग करायचं काय?

कापलेलं शेवाळ पिशवीत घट्ट बांधून किमान चोवीस तास फ्रीझरमध्ये ठेवा, मग कचऱ्यात द्या. टँकचं पाणी मोरीत ओता. कुंड्यांना घालू नका, मिठाने झाडं जळतात.

लाइव्ह रॉक, म्हणजे टँकमधले जीव वसलेले खडक, कधीही उकळू नका. त्यावर झोआ (बटणांसारखे दिसणारे मऊ कोरल) असतील तर पॅलिटॉक्सिन हे जहाल विष वाफेतून घरभर पसरू शकतं आणि सगळ्यांनाच दवाखाना गाठावा लागू शकतो. असे खडक घासूही नका, पाण्यात बुडवलेल्या स्थितीत आमच्याकडे आणा. मालवणहून प्रवाळाचा दगड आणायचा मोह टाळा. दगडी प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. तारकर्लीला स्नॉर्केलिंग करून आलात तर मास्क आणि फिन्स नळाखाली धुऊन पूर्ण वाळवा, मगच दुसऱ्या पाण्यात न्या.

मासे, कोरल, खडक, शेवाळ आम्ही परत घेतो, खरेदी दुसऱ्या दुकानातून केली असली तरी. त्याचे पैसे मिळणार नाहीत आणि आम्हीही पैसे घेणार नाही. आदल्या दिवशी माशांना खायला घालू नका. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा ठेवा. एका पिशवीत एकच मासा. निघण्याआधी फोन करा, म्हणजे क्वारंटाइन टँक तयार ठेवता येईल.