हातचं की पिशवीतलं? फ्रेंच बिस्त्रोच्या ताटामागची पार्श्वभूमी

एक छोटं पातेलं, आणि झाकणाच्या जागी घराचं छप्पर. फ्रान्समधल्या एखाद्या गल्लीतल्या बिस्त्रोत, म्हणजे छोट्या साध्या खाद्यगृहात, मेनूवर किंवा भिंतीवरच्या पाटीच्या कोपऱ्यात हे चित्र दिसतं. हा पदार्थ इथेच, कच्च्या मालापासून शिजवलेला आहे, असं ते सांगतं. 15 जुलै 2014 पासून या चित्रामागे कायदा उभा आहे. चित्राशेजारचे शब्द आहेत ‘फे मेझों’. शब्दशः अर्थ ‘घरी केलेलं’. या दोन शब्दांची व्याख्या करताना सरकार, संसद आणि हॉटेल व्यावसायिकांच्या संघटना यांची जी ओढाताण झाली, ती समजून घेतल्याशिवाय आजचा बिस्त्रो नीट कळत नाही.

आधी शब्दाचा गुंता. ‘मेझों’ म्हणजे घर, पण दुकान, पेढी, आस्थापना हाही त्याचा रुळलेला अर्थ. बिस्त्रोच्या पाटीवर ‘तेरीन मेझों’ (तेरीन म्हणजे साच्यात भाजलेला मांसाचा प्रकार), ‘तार्त मेझों’ (तार्त म्हणजे वर फळं मांडलेली पेस्ट्री) असं पिढ्यान् पिढ्या लिहिलं जायचं. त्याचा अर्थ ‘आमच्या स्वयंपाकघरात केलेलं’ असा घ्यायचा, ‘आमच्या पद्धतीचं’ असा, की ‘आमच्याकडे मिळणारं’ इतकाच, हे गिऱ्हाइकावर सोडलेलं असे. जोवर गल्लीतल्या जागेला स्वतःच्या चुलीवाचून दुसरा मार्गच नव्हता, तोवर या सैलपणाने कुणाचं बिघडत नव्हतं. गोठवलेले आणि हवाबंद पिशवीतले तयार पदार्थ घाऊक व्यापाऱ्यांच्या गाड्यांतून थेट मागच्या दाराशी उतरू लागले, आणि मग त्या एका शब्दावर सगळा भार आला.

फरक किती मोठा आहे, हे एका पदार्थावरून सांगता येईल. वासराच्या मटणाची ब्लांकेत. मांस परतून तांबूस करायचं नाही, ते पांढरंच राहिलं पाहिजे. गाजर, लवंग टोचलेला कांदा आणि सुवासिक पानांची जुडी घालून ते मंद आचेवर दीड-दोन तास ठेवायचं, वर येणारा फेस चमच्याने काढत राहायचं. रस गाळून घ्यायचा, लोणी आणि मैद्याने दाट करायचा. शेवटी साय, अंड्याचा बलक आणि लिंबू. बलक घातल्यावर उकळी आली की तो फाटतो, म्हणून शेवटची पाच मिनिटं पातेल्यापासून हलता येत नाही. याच नावाचा पदार्थ पिशवीत येतो तेव्हा गरम पाण्यात सोडून काही मिनिटांत ताटलीत पडतो. पाटीवर दोघांचं नाव एक आणि पुष्कळदा किंमतही एक. प्रामाणिकपणे रांधणाऱ्या माणसावर यात सरळ अन्याय होत होता.

ही खदखद जुनी असली तरी ती उघड्यावर आली कराच्या निमित्ताने. बसून जेवणाऱ्याच्या बिलावर 19.6 टक्के मूल्यवर्धित कर आणि बांधून नेलेल्या खाण्यावर 5.5 टक्के, ही तफावत व्यावसायिकांना अनेक वर्षं सलत होती. टेबलावर कापड अंथरणाऱ्याला जास्त कर आणि काउंटरवरून पुडकं देणाऱ्याला कमी, हे त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. युरोपीय पातळीवर मान्यता मिळाल्यानंतर 1 जुलै 2009 पासून बसून खाण्यावरचा करही 5.5 टक्क्यांवर आला. बदल्यात व्यावसायिकांनी लेखी आश्वासन दिलं होतं: ठरलेल्या दहांपैकी किमान सात पदार्थांचे दर 11.8 टक्क्यांनी उतरवू. कराचा पूर्ण फायदा गिऱ्हाइकाला दिला तर नेमकी एवढीच घट होते. 12 युरोची थाळी साधारण 10 युरो 60 सेंटला यायला हवी होती. प्रत्यक्षात सुरुवातीच्या महिन्यांत सरासरी दर एक-दोन टक्क्यांच्या आसपासच उतरले. सवलतीचा बराच मोठा भाग मालकांकडे राहिला, असं नंतरच्या अभ्यासांतूनही दिसलं. 2012 मध्ये हा कर 7 टक्के झाला, 2014 मध्ये 10.

गिऱ्हाइकाचा विश्वास उडाला तो या काळात. पैसे सुटले नाहीत, मग निदान ताटात काय पडतंय ते तरी सांगा, हा सूर 2010 नंतर वाढत गेला. 2013 च्या उन्हाळ्यात ग्राहक संरक्षणाचा कायदा संसदेत आला, तेव्हा काही खासदारांनी टोकाची मागणी केली: जागेवर, ताज्या मालापासून जे रांधतात त्यांनाच ‘रेस्टॉरंट’ हा शब्द वापरू द्या. मागणीला आधार होता. 1998 पासून फ्रान्समध्ये ‘बुलांजरी’ ही पाटी लावायची तर पीठ जागेवर मळावं आणि पाव जागेवर भाजावा लागतो. बेकरीचं नाव राखता येतं, तर रेस्टॉरंटचं का नाही?

ही मागणी फेटाळली गेली. माझ्या मते त्या सगळ्या प्रक्रियेतला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय, आणि तो चुकला. त्याची कारणं व्यवहाराची होती हे मान्य. पावाचे घटक चार, रेस्टॉरंटचे शेकडो. हजारो जागांना एका रात्रीत नाव बदलायला लावणं कुठल्याही सरकारला जड गेलं असतं. पण नाव न राखता पदार्थावर खूण करायचं ठरल्यामुळे सिद्ध करण्याचा भार रांधणाऱ्यावर आला. पिशवी कापणाऱ्याला काहीच जाहीर करावं लागलं नाही.

कायदा 17 मार्च 2014 ला झाला, त्याची नियमावली 11 जुलैला निघाली. ‘कच्चा माल’ म्हणजे काय, या एका प्रश्नावर तिची सगळी शक्ती खर्च झाली आहे. धुतलेलं, चिरलेलं, हाडं काढलेलं, खिमा केलेलं, खारवलेलं, धुरावलेलं, हवाबंद केलेलं आणि गोठवलेलंसुद्धा, हे सगळं कच्च्यात धरलं गेलं. सोललेली भाजी चालेल, मात्र सोललेला बटाटा चालणार नाही. कारण फ्रिते, म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या फोडी. बिस्त्रोतल्या स्टेकसोबत त्या नसल्या तर जेवण अपुरं, आणि सर्रास तयार आणल्या जाणाऱ्या वस्तूंत त्या आघाडीवर. म्हणून बटाट्यापुरती रेघ कडक ओढली. पाव, चीज, वाईन आणि सॉसेजं बाहेरून आणायला मुभा मिळाली, आणि ते रास्तच आहे. पाव बेकरीवाल्याने करावा, चीज चीजवाल्याने, अशीच तिथली रीत. पण पदर सुटणाऱ्या पेस्ट्रीचं कच्चं पीठही यादीत आलं. म्हणजे लाटी विकत आणून वर सफरचंदाच्या चकत्या मांडल्या तरी तार्त ‘घरी केलेलं’ ठरणार. हाडांचा तयार अर्क वापरायचा तर तसं लिहून कळवण्याची अट होती.

टीका दोन्हीकडून झाली. छोट्या स्वयंपाकघरांतले शेफ म्हणाले, गोठवलेल्याला मान्यता दिलीत तर खुणेत उरलं काय? संघटना म्हणाल्या, नियम इतके किचकट की तपासनीस दारात आला तर उत्तर देता येणार नाही. गोठवलेल्या मालाच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. बोटीवर गोठवलेला मासा तीन दिवस बर्फात फिरलेल्या माशापेक्षा चांगला असू शकतो. तरीही ‘ताजं’ आणि ‘इथे शिजवलेलं’ या दोन निराळ्या गोष्टी एका चित्रात कोंबल्या गेल्या आणि वाचणाऱ्याची समजूत पहिलीच होत राहिली. वर्षभरात, 6 मे 2015 ला, व्याख्या सुटसुटीत केली गेली: ज्यात कुठलाही मोठा बदल झालेला नाही, जे तापवलेलं, मुरवलेलं किंवा एकत्र जुळवलेलं नाही, ते कच्चं. गोठवलेल्या मालाची मुभा तेव्हाही शाबूत राहिली.

बिस्त्रोला पुन्हा प्रतिष्ठा मिळाली ती मात्र कायद्याच्या कितीतरी आधी, 1992 मध्ये. पॅरिसमधल्या एका आलिशान हॉटेलच्या स्वयंपाकघरात घडलेला एक तरुण शेफ शहराच्या दक्षिण टोकाला, 14 व्या विभागात, जुनी साधी जागा घेऊन बसला. आखाती युद्धानंतर मंदी होती, महागड्या टेबलांवर माणसं येत नव्हती. त्याने टेबलावरचा थाट काढून टाकला, एकाच ठरलेल्या किमतीत पूर्ण जेवण दिलं आणि हात मात्र मोठ्या हॉटेलचाच ठेवला. त्याच स्वयंपाकघरातले त्याचे सहकारीही पुढे याच वाटेने गेले. 2004 मध्ये या प्रकाराला ‘बिस्त्रोनोमी’ हे नाव पडलं. आज जगात कुठेही तीसेक खुर्च्यांची, पाटीवर रोज नवा मेनू लिहिणारी उबदार फ्रेंच जागा दिसते, ती बहुतेक या 1992 च्या घराण्यातली असते.

त्याआधी 1967 मध्ये जेवणाच्या कूपनांना कायद्याची चौकट मिळाली. कंपनीने निम्म्याच्या आसपास भार उचलायचा, बाकीचा कर्मचाऱ्याने. दुपारी बाराला गल्लीतला बिस्त्रो भरायला लागला तो मोठ्या प्रमाणात यामुळे. 1987 पासून दरपत्रकातल्या किमतीतच सेवाशुल्क धरणं बंधनकारक झालं, म्हणून तिथे टीप हा ऐच्छिक शिरस्ता आहे.

आणखी मागे गेलं की ‘बिस्त्रो’ या नावापाशी थांबावं लागतं. पॅरिसमधल्या मोंमार्त्रच्या टेकडीवरच्या तेर्त्र चौकात एका खाद्यगृहावर फलक आहे: 30 मार्च 1814 ला रशियन कोसॅक सैनिकांनी इथे ‘बिस्त्रो’, म्हणजे रशियनमध्ये ‘लवकर’, असं ओरडून पेय मागवलं आणि नाव जन्माला आलं. गोष्ट सांगायला छान, पण शब्द छापील फ्रेंचमध्ये सापडतो 1884 मध्ये, म्हणजे सत्तर वर्षांनी. मधल्या काळात त्याचा माग नाही. भाषातज्ज्ञ वाईनविक्याच्या नोकरासाठी बोलीभाषेत असलेल्या, उच्चाराने तशाच पण निराळ्या स्पेलिंगच्या (bistraud) शब्दाकडे किंवा उत्तरेकडच्या ‘बिस्तुय’ या कॉफीत दारू घालून केलेल्या पेयाकडे बोट दाखवतात. ठाम निकाल अजून नाही.

ज्या माणसांनी हा प्रकार उभा केला त्यांचं श्रेय यापेक्षा पक्कं आहे. 19 व्या शतकात मध्य फ्रान्समधल्या ओव्हेर्न्य आणि आसपासच्या डोंगराळ भागातून माणसं पॅरिसला आली, आधी पाणी वाहिलं, मग कोळसा. नवरा मजल्यामजल्यावर पोती पोचवायचा, बायको खालच्या खोलीत वाईनचा पेला भरून द्यायची आणि जोडीला गावाकडचं काहीतरी शिजवायची. पाटीवर लिहिलेलं असे, ‘वाईन आणि कोळसा’. त्यांना ‘बुन्या’ म्हणत. त्याच शतकाच्या मध्यावर एका खाटकाने मांसाचा रस्सा आणि उकडलेलं मांस स्वस्तात देणारी ‘बुयों’ काढली. 1896 ची एक बुयों अजून चालू आहे, आणि 2017 पासून हा प्रकार नव्याने भरभराटीला आला आहे. लियों शहरात याचंच भावंड ‘बुशों’, तिथे खऱ्या बुशोंसाठी 2012 मध्ये वेगळं मानचिन्ह निघालं. ब्रासरी, म्हणजे बिअरसोबत जेवण देणारं खाद्यगृह, ही पूर्वेकडच्या आल्सास प्रांतातल्या बिअरवाल्यांची देणगी. 1760 च्या दशकात पॅरिसमध्ये ‘रेस्तोरां’ हा शब्द माणसाला बळ देणाऱ्या रश्श्यासाठी वापरला जायचा.

अलीकडच्या काळात दारावरच्या सूचना वाढत गेल्या. 2002 पासून गोमांस कुठलं ते लिहावं लागतं, मार्च 2022 पासून डुक्कर, मेंढी आणि कोंबडीचंही. 2022 पासूनच नळाचं पाणी फुकट मिळेल हे ठळक सांगावं लागतं. करोनात 14 मार्च 2020 च्या मध्यरात्री सगळं बंद झालं. त्यानंतरच्या दुसऱ्या बंदीत ऑक्टोबर 2020 च्या अखेरीपासून पुढच्या वर्षीच्या 19 मेपर्यंत एकही टेबल मांडलं गेलं नाही, आणि त्या दिवशीही परवानगी फक्त बाहेरच्या टेबलांना मिळाली. 2024 मध्ये बिस्त्रो आणि कॅफे यांचा फ्रान्सच्या अमूर्त वारशाच्या राष्ट्रीय यादीत समावेश झाला. नोंद आहे ती तिथल्या ‘सामाजिक आणि सांस्कृतिक प्रथांची’: काउंटरशी उभं राहणं, शेजाऱ्याशी बोलणं, रोजच्या माणसाला नावाने हाक मारणं. मागच्या खोलीत पातेल्याशी उभ्या असलेल्या माणसासाठी मात्र अजून मे 2015 चीच व्याख्या लागू आहे.