लाखेची तबकडी की विनाइलची? चावीचा ग्रामोफोन लावण्याआधी

माळ्यावरून आजोबांचा चावीचा ग्रामोफोन खाली येतो. चावी भरली की थाळी फिरू लागते, सगळे हरखतात, आणि घरात हाताला लागेल ती काळी तबकडी तिच्यावर चढते. पहिली चूक इथेच होते. काळ्या तबकड्यांच्या दोन जाती आहेत: लाखेची, मिनिटाला 78 फेरे घेणारी, आणि विनाइलची (एक प्रकारचं प्लास्टिक), म्हणजे मोठी एलपी आणि छोटी ईपी. चावीचा ग्रामोफोन फक्त लाखेच्या तबकडीसाठी आहे.

एलपी अमेरिकेत 1948 साली आली, पण आपल्याकडे 78च्या तबकड्या साठच्या दशकातही निघत होत्या. म्हणून जुन्या पेटीत दोन्ही सापडतात. लाखेची जड आणि ताठ असते. कडेला हलकी टिचकी मारली की चिनी मातीच्या बशीसारखी खणकते. हातातून सुटली तर तुकडेच. विनाइल किंचित लवते आणि तिचा आवाज बद्द येतो. लाखेच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावतात. अब्दुल करीम खाँसाहेबांनी आख्खी ठुमरी तेवढ्यात बसवली. लेबलावरचा 78 आकडा पाहून मात्र निर्धास्त होऊ नका. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांसाठी काढलेल्या व्ही-डिस्क 78 वेगाच्याच, पण विनाइलच्या होत्या.

हा फरक इतका महत्त्वाचा का, ते सुईपाशी कळतं. लाखेच्या तबकडीत दगडाची बारीक भुकटी कालवलेली असते. पहिल्या काही फेऱ्यांत ती पोलादी सुईचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते. साउंडबॉक्सचा, म्हणजे सुई ज्यात बसते त्या गोल डबीचा, भार शंभर ग्रॅमच्या पुढे असतो, त्यामुळे कोणीतरी झिजणार हे ठरलेलंच. इथे झिजायचं सुईने. म्हणून दर बाजूला नवी सुई. एकदा वाजवून झालेली सुई भिंगाखाली धरून पाहा: टोक दोन्ही अंगांनी चपटं होऊन पटाशीसारखं दिसतं. तीच सुई पुन्हा लावली, की ती धार खाचेच्या भिंती तासू लागते. ‘अजून टोकदार दिसतेय, चालेल की’ म्हणत एकाच सुईवर दहा गाणी वाजवणारे लोक मी पाहिले आहेत आणि फार वाईट वाटतं, कारण ती तबकडी पुन्हा कोणी काढणार नाही.

विनाइल मऊ. एलपी वाजवणाऱ्या यंत्राची सुई दोन-तीन ग्रॅमच्या भाराने तिच्यावरून जाते. त्याच खाचेत शंभर ग्रॅमखालचं पोलाद उतरवलं तर झिजते तबकडी. एका घरी हौसेने लावलेल्या एलपीचं असं झालेलं मी पाहिलं. सुई उचलली तेव्हा टोकाला केसाएवढा काळा धागा लोंबत होता, आणि तबकडीवर राखाडी पट्टा उमटला होता. त्या पट्ट्यातलं गाणं कायमचं गेलं.

उलटी चूक कमी घातक आहे. लाखेची तबकडी नव्या टर्नटेबलवर वाजवता येते, पण वेग 78 हवा आणि सुई जाड हवी, साधारण 0.075 मिलिमीटरची. एलपीची बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घसरते. गाण्यापेक्षा खरखर जास्त ऐकू येते आणि सुईही लवकर जाते.

धुण्याच्या बाबतीत तर दोघींचं अजिबात जमत नाही. विनाइलसाठी मिळणाऱ्या बऱ्याच द्रावणांत स्पिरिट असतं. विनाइलला ते चालतं. पण सुतार चपडी स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतो, आणि चपडी म्हणजे लाखच. लाखेच्या तबकडीवर स्पिरिटचा बोळा फिरवला तर खाचच विरघळू लागते. तिच्यासाठी मऊ फडकं पुरे, साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं. ते खाचेच्या दिशेने गोल फिरवायचं, लेबल कोरडं ठेवायचं, आणि तबकडी लगेच पुसून घ्यायची.